सही करण्यापूर्वीची दहा मिनिटे: कामकाजातील मराठी बिनचूक कशी लिहावी

काही वर्षांपूर्वी, ठाण्यात नौपाड्यातील आमच्या गृहनिर्माण संस्थेचा सचिव असताना, मी एका कंत्राटदाराला दिलेल्या कार्यादेशात ‘दोन पंप व मोटर दुरुस्त करून द्यावी’ असे लिहिले. पंप दोन होते आणि प्रत्येक पंपाची मोटर वेगळी होती, ही गोष्ट मला इतकी उघड वाटत होती की ती लिहावी असे मनातही आले नाही. कंत्राटदाराने दोन पंप आणि एक मोटर दुरुस्त केली. ऐन एप्रिलमध्ये दुसरी मोटर जळाली, तेव्हा त्याने माझेच पत्र माझ्यापुढे ठेवले. ‘मोटर’ हे एकवचन होते, ‘द्यावी’ हे क्रियापदही एकवचनी होते, म्हणजे त्याने लावलेला अर्थ व्याकरणाला धरून होता आणि माझ्या मनातला अर्थ कागदावर कुठेच नव्हता. दुसऱ्या मोटरीचे पैसे संस्थेला वेगळे द्यावे लागले आणि व्यवस्थापक समितीच्या इतिवृत्तात माझ्या पत्रातील संदिग्धतेची रीतसर नोंद झाली.

तेव्हापासून कोणत्याही पत्रावर सही करण्यापूर्वी मी दहा मिनिटे राखून ठेवतो. ती कशी वापरावीत, एवढेच येथे सांगायचे आहे. सुंदर लिहिणे हा वेगळा विषय आहे आणि तो मला शिकवता येणार नाही. पत्र आपल्याला सोडून एकटे जाते, हे मात्र प्रत्येकाने लक्षात ठेवावे. बोलताना समोरच्याच्या कपाळावर आठी दिसली की आपण वाक्य दुरुस्त करतो, परंतु महानगरपालिकेच्या एखाद्या विभागात किंवा ऐरोलीतील एखाद्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागात आपला कागद उघडला जातो, तेव्हा ‘मला तसे म्हणायचे नव्हते’ हे सांगायला आपण तेथे नसतो. लेखनाचे नियम त्या गैरहजेरीत आपल्या वतीने बोलतात.

एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. ‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ हे शब्द मला स्वतःला आवडत नाहीत, कारण त्यांमुळे बोलीभाषा हीच चूक आहे असा समज पसरतो. ठाणे आणि नवी मुंबईच्या मूळ गावांमधील आगरी व कोळी लोकांची बोली ही चुकीची मराठी नव्हे. तिला स्वतःचे व्याकरण आहे आणि घणसोलीच्या माणसाने घरी ती बोलणे यात दुरुस्त करण्यासारखे काहीही नाही. कार्यालयीन पत्र मात्र चंद्रपूरहून आलेल्या अधिकाऱ्यालाही पहिल्याच वाचनात कळावे लागते, म्हणून तेथे सर्वांनी मान्य केलेले एकच लेखन वापरायचे. मराठी साहित्य महामंडळाने सुचवलेले आणि शासनाने स्वीकारलेले १४ नियम १९६२ चे आहेत, त्यांत १९७२ मध्ये ४ नियमांची भर पडली, आणि या १८ नियमांवरच पाठ्यपुस्तकांचे व शासकीय पत्रव्यवहाराचे लेखन चालते. त्यांतील काही नियम मला तर्काला सोडून वाटतात. परंतु थांबण्यासाठी लाल रंगच का, हा वाद तीन हात नाक्याच्या सिग्नलवर गाडी उभी असताना घालण्यात अर्थ नसतो.

‘आमचे सगळे काम इंग्रजीत चालते’ असे म्हणणाऱ्यांनीही हा विषय टाळू नये. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नुसार राज्याच्या कारभाराची भाषा मराठी आहे, आणि २०२२ च्या स्थानिक प्राधिकरणांसाठीच्या राजभाषा अधिनियमाने, काही अपवाद वगळता, महानगरपालिकांच्या कामकाजातही मराठी बंधनकारक केली आहे. वागळे इस्टेटमधील कारखान्याला मालमत्ता कराबाबत आलेली नोटीस, नळजोडणीचा अर्ज, माहितीच्या अधिकारातील उत्तर आणि गृहनिर्माण संस्थेचे इतिवृत्त हे सगळे बहुधा मराठीतच असते, आणि त्याला उत्तरही मराठीतच द्यावे लागते.

आधी नावे, रकमा आणि तारखा

दहापैकी पहिली तीन मिनिटे ऱ्हस्व-दीर्घावर अजिबात खर्च करू नयेत. ज्या चुकीने पैसे किंवा हक्क बुडू शकतात ती आधी शोधावी, आणि अशा चुका नावांत, रकमांत व तारखांत दडलेल्या असतात.

नाव मूळ कागदावरूनच उतरवावे, आठवणीवरून नव्हे. रोमन लिपीतून देवनागरीत आपोआप रूपांतर करणाऱ्या सुविधांनी या बाबतीत मोठा घोळ केला आहे. रोमन लिपीत ‘ळ’ आणि ‘ल’, ‘ण’ आणि ‘न’, ‘ठ’ आणि ‘थ’ यांच्यात फरकच उरत नाही, त्यामुळे ‘काळे’ यांचे ‘काले’ होते, ‘साठे’ यांचे ‘साथे’ होते, आणि अर्जदार ठाण्याऐवजी ‘थाने’ नावाच्या गावी राहू लागतो. ओळखपत्रावर एक नाव आणि भाडेकरारावर दुसरे, असे झाले की ती दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करत बसावे लागते.

रक्कम अंकांत लिहिल्यानंतर अक्षरांतही लिहावी आणि ती अक्षरे दोनदा वाचावीत. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १८ नुसार धनादेशासारख्या दस्तऐवजात अंकांतील व अक्षरांतील रक्कम वेगवेगळी असेल, तर अक्षरांत लिहिलेली रक्कम धरली जाते. मराठीत तर हे अधिक जपावे लागते, कारण आपल्या संख्यावाचक शब्दांत ‘एकोणसाठ’, ‘एकोणसत्तर’, ‘एकोणऐंशी’ आणि ‘एकोणनव्वद’ अशी फसवी रांग आहे. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या तरुण सहकाऱ्यांना ७९ म्हणजे एकोणऐंशी की एकोणनव्वद हे पटकन सांगता येत नाही. त्यात त्यांना हसण्यासारखे काही नाही, परंतु धनादेश त्यांच्याकडून लिहून घेताना शेजारी बसावे. जाता जाता हेही सांगतो की ‘रुपये’ या शब्दातील ‘रु’ ऱ्हस्व आहे, म्हणून त्याचा संक्षेपही ‘रु.’ असाच होतो.

तारखेच्या बाबतीत ‘पर्यंत’ हा शब्द भांडण लावणारा आहे. ‘१५ तारखेपर्यंत अर्ज द्यावेत’ असे लिहिले की १५ तारखेला संध्याकाळी पाच वाजता दारात उभा राहिलेला माणूस आत की बाहेर, हे ठरवण्यात अर्धा तास जातो. ‘१५ जुलै रोजी सायंकाळी ५ वाजेपर्यंत’ असे लिहिण्यासाठी चार शब्द जास्त लागतात, तेवढे ते लावावेत.

एका टिंबाचे काम

अनुस्वारावर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण कार्यालयीन मराठीत सर्वाधिक वेळा राहून जाणारे आणि तरीही सर्वांत जास्त अर्थ वाहणारे चिन्ह तेच आहे. नामाला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागले आणि ते नाम अनेकवचनी असले की त्यावर अनुस्वार येतो. ‘सभासदाकडून’ म्हणजे एका सभासदाकडून आणि ‘सभासदांकडून’ म्हणजे सर्वांकडून. ‘गच्चीच्या दुरुस्तीचा खर्च सभासदाकडून घेण्यात यावा’ असा ठराव मंजूर झाला, तर वरच्या मजल्यावर राहणारा एकच सभासद तो वाचून घाबरेल आणि बाकीचे खूश होतील.

तेच टिंब आदरही दाखवते. ‘आयुक्तांचा आदेश’, ‘मुख्याध्यापिकांची सही’, ‘अध्यक्षांना विनंती’ यांत व्यक्ती एकच आहे, परंतु मराठी तिला आदरार्थी अनेकवचनात घेते. ‘आयुक्ताना’ असे लिहिणाऱ्याच्या मनात अनादर नसतो, टिंब फक्त निसटलेले असते, पण वाचणाऱ्याला अरेतुरे केल्यासारखे खटकते. मग ‘मा.’ आणि ‘महोदय’ कितीही वेळा लिहिले तरी तो खटका जात नाही. तपासण्याची रीत सोपी आहे. पत्रातील ‘ना’, ‘नी’, ‘चा’, ‘ची’, ‘चे’, ‘साठी’, ‘कडून’ आणि ‘मध्ये’ यांच्या अलीकडच्या प्रत्येक अक्षरापाशी थांबून ‘एक की अनेक, आणि आदर की नाही’ हा प्रश्न विचारायचा. पानभर पत्राला यासाठी दीड मिनिट लागते. हे शब्द नामाला जोडूनच लिहायचे असतात, म्हणून ‘कार्यालया मध्ये’ असे तोडलेले दिसले तर तेही याच फेरीत जोडून घ्यावे.

रफार आणि त्याचा अर्धा भाऊ

ठाण्यात सध्या जुन्या इमारतींच्या कुंपणावर हमखास दिसणारा शब्द म्हणजे ‘पुनर्विकास’, आणि तो ‘पुर्नविकास’ असा रंगवलेला मी इतक्या वेळा पाहिला आहे की आता खरा शब्दच डोळ्याला चुकीचा वाटू लागला आहे. रफाराचा नियम कानाचा आहे. ‘र्’ चा उच्चार केल्यावर लगेच जे अक्षर येते त्याच्या डोक्यावर रफार द्यायचा. ‘पु-न-र्-वि’ असे सावकाश म्हटले की रफार ‘वि’ वर जातो, आणि ‘आ-शी-र्-वा-द’ असे म्हटले की ‘वा’ वर.

रफाराशी घोळ होणारे दुसरे रूप म्हणजे ‘ऱ्य’. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजनांना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ डोंगरांमधल्या. वार्षिक समारंभाच्या पत्रिकेत ही अदलाबदल झाली तर निदान करमणूक होते, परंतु ‘कर्मचार्यांना’ आणि ‘अधिकार्यांना’ ही रूपे मात्र नुसतीच चुकीची असतात. त्यांचे कारण बहुधा अज्ञान नसून कळफलक असतो. ‘ऱ’ हे वेगळे अक्षर आहे आणि इन्स्क्रिप्ट या प्रमाण कळफलकावर ते ‘र’ च्याच कळीवर शिफ्ट दाबून मिळते, ही माहिती पुष्कळ टंकलेखकांना कुणी दिलेलीच नसते. मोबाइलवर ते न सापडल्यास ‘कर्मचाऱ्यांना’ हा शब्द एकदा बरोबर लिहून तो शब्दसंग्रहात साठवून ठेवावा.

ऱ्हस्व-दीर्घ: किती नियम पुरतात?

अठराही नियम पाठ करण्याची गरज नाही. कार्यालयातील पत्रासाठी मला चार सवयी पुरल्या आहेत. शब्दाच्या शेवटी येणारा इकार किंवा उकार दीर्घ लिहावा, म्हणजे ‘मंजुरी’, ‘नियुक्ती’, ‘वस्तू’, ‘गुरू’. याला ‘आणि’, ‘परंतु’, ‘तथापि’ असे मोजके अपवाद आहेत. मात्र संस्कृतातून आलेला शब्द समासात पहिला आला की त्याचे मूळ ऱ्हस्व रूप परत येते, म्हणून ‘वस्तू’ पण ‘वस्तुस्थिती’, ‘स्मृती’ पण ‘स्मृतिचिन्ह’, ‘मंत्री’ पण ‘मंत्रिमंडळ’. तिसरी सवय अकारान्त, म्हणजे ‘अ’ने संपणाऱ्या, मराठी शब्दांची: शेवटून दुसऱ्या अक्षरातील इकार किंवा उकार दीर्घ असतो आणि प्रत्यय लागताच तो ऱ्हस्व होतो, जसे ‘वकील’ व ‘वकिलांना’, ‘जमीन’ व ‘जमिनीचा’. ‘परीक्षेला’, ‘सूचनेनुसार’ अशा संस्कृत शब्दांना हा बदल लागू नाही. चौथी सवय सर्वांत स्वस्त आहे. ‘वार्षिक’, ‘आर्थिक’, ‘मासिक’, ‘प्राथमिक’ यांतील ‘इक’ नेहमी ऱ्हस्व, आणि ‘शासकीय’, ‘विभागीय’, ‘वैद्यकीय’ यांतील ‘ईय’ नेहमी दीर्घ. एवढे सांभाळले तरी पत्रातील बऱ्याच लाल खुणा कमी होतात.

‘महत्त्व’ या शब्दात दोन ‘त’ का, हे एकदा समजले की विसरत नाही. मूळ शब्द ‘महत्’ आहे, त्याला ‘त्व’ लागतो, म्हणून त् दोनदा येतो. ‘तत्त्व’, ‘सत्त्व’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ यांचेही तसेच. ‘नेतृत्व’ आणि ‘सदस्यत्व’ यांच्या मूळ शब्दाच्या शेवटी त् नाही, म्हणून तेथे तो एकदाच लिहायचा.

आपल्या गावांची नावेही याच नियमांनी चालतात, हे बाहेरून आलेल्यांना ठाऊक नसते आणि येथे जन्मलेल्यांना आठवत नाही. ‘ठाणेमध्ये’ नव्हे, ‘ठाण्यात’ किंवा ‘ठाण्यामध्ये’. ‘कोपरखैरणेला’ नव्हे, ‘कोपरखैरण्याला’. ‘नेरूळ’ आणि ‘बेलापूर’ नुसते असताना दीर्घ, पण ‘नेरुळात’ आणि ‘बेलापुरात’ जाताना ऱ्हस्व. कंपनीचे नाव किंवा नोंदणीकृत पत्ता असेल तेथे मात्र यांतले काहीही करू नये. दस्तऐवजावर जसे असेल तसेच उतरवावे.

वाक्याचा कर्ता कोण?

शब्द तपासून झाले की प्रत्येक वाक्याला ‘हे कोणी करायचे?’ असे विचारावे. ‘समितीद्वारे निर्णय घेतला गेला’ हे इंग्रजीच्या वळणाचे वाक्य आहे. ‘समितीने निर्णय घेतला’ यात शब्द कमी लागतात आणि जबाबदारीही दिसते. ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ हे वाक्य तर आपण सर्वांनी वाचले आणि लिहिलेही आहे, आणि त्यात कोण, काय आणि कधी या तिन्हींचा पत्ता नसतो. काही वेळा ते मुद्दाम तसे लिहितात, याची मला कल्पना आहे.

‘मला आपले पत्र भेटले’ हे वाक्य हल्ली बोलताना सर्रास कानावर येते. बोलण्यात मी ते दुरुस्त करायला जात नाही, परंतु लिहिताना माणसे भेटतात आणि पत्रे मिळतात, एवढा भेद पाळावा. तसेच ‘माझी मदत करा’ ही हिंदीची रचना आहे. मराठीत ‘मला मदत करा’.

लाल रेघेवर विसंबू नये

वागळे इस्टेटमधील एका छोट्या कारखान्याच्या कार्यालयात मी बरीच वर्षे नोकरीचे अर्ज चाळले. एखाद्या ऱ्हस्व-दीर्घासाठी मी कोणाचा अर्ज बाजूला ठेवला नाही. परंतु ज्या अर्जात आमच्या कारखान्याचे नावच चुकले होते, किंवा दुसऱ्याच कंपनीचे राहून गेले होते, तो वरून खाली गेला, कारण माल रवाना करण्याच्या कामावर त्याच माणसाने दुसऱ्याच गिऱ्हाईकाचा पत्ता लिहिला असता. इंग्रजी अर्जांत ‘मॅनेजर’ या शब्दाच्या स्पेलिंगमधील दुसरा ‘ए’ हमखास गळतो आणि उरलेल्या शब्दाचा अर्थ गुरांची गव्हाणी असा होतो. तोही इंग्रजीतील खराच शब्द असल्यामुळे संगणक त्याच्याखाली लाल रेघ ओढत नाही. मराठीत ‘दिन’ आणि ‘दीन’ यांचे तसेच आहे. पहिल्याचा अर्थ दिवस, दुसऱ्याचा गरीब, आणि ‘मराठी भाषा गौरव दीन’ असा फलक लागला तरी तपासनीस गप्प राहतो.

एकाच वेळी सगळीकडे बदल करण्याची सोय तर त्याहून धोक्याची. कोणीतरी ‘पुर’ सगळीकडे ‘पूर’ करून टाकतो आणि बेलापूर सुधारते, पण त्याबरोबर ‘पूरवठा’ आणि ‘पूरावा’ तयार होतात. आता मसुदा लिहून देणारी यंत्रेही आली आहेत. त्यांचे मराठी वरवर नीटनेटके असते, पण वाक्याचा सांगाडा पुष्कळदा इंग्रजी किंवा हिंदी असतो, आणि खाली सही आपली असते. मसुदा त्यांच्याकडून घेतला तरी ही दहा मिनिटे वाचत नाहीत.

शेवटचे वाचन मोठ्याने करावे आणि शक्य असल्यास कागदावर छापून करावे, कारण डोळा पडद्यावर स्वतःला हवे तेच वाचतो. रकमांचे तक्ते असतील तर दोघांनी बसावे. एकाने मूळ कागद वाचायचा आणि दुसऱ्याने मसुद्यावर प्रत्येक आकड्याशी खूण करायची. आपल्या नेहमीच्या चुकांची एक यादी वहीच्या शेवटच्या पानावर ठेवावी. माझ्या यादीत अजूनही ‘दुरुस्ती’ आहे. अडलेला शब्द सामान्यरूपेही, म्हणजे प्रत्यय लागताना होणारी रूपेही, देणाऱ्या लेखन-कोशात पाहावा, आणि पारिभाषिक शब्दांसाठी १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाचे कोश संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. ज्यांना कागदाचाच कोश हवा आहे, त्यांच्यासाठी ठाण्यात १८९३ पासूनचे मराठी ग्रंथ संग्रहालय आहेच.

आणि इतके करूनही चूक गेलीच, तर गप्प बसू नये व जुन्याच क्रमांकाचे सुधारित पत्रही गुपचूप पाठवू नये, कारण मग दोन पत्रे फायलीत राहतात आणि वाद झाला की प्रत्येक पक्ष आपल्या सोयीचे काढतो. मूळ पत्राचा जावक क्रमांक आणि दिनांक देऊन, ‘परिच्छेद २ मधील ‘मोटर’ या शब्दाऐवजी ‘दोन मोटरी’ असे वाचावे. उर्वरित मजकूर कायम आहे’ एवढ्या दोन ओळींचे शुद्धिपत्रक काढावे आणि मूळ पत्र ज्यांना गेले त्या सर्वांना ते पाठवावे. ते पाठवण्यापूर्वी त्याचे शीर्षक एकदा पाहून घ्यावे. ‘शुद्धी’ समासात पहिली आली की ऱ्हस्व होते, आणि ‘शुद्धीपत्रक’ असे ठळक शीर्षक असलेली शुद्धिपत्रके मी स्वतः दोन वेळा काढलेली आहेत.